विणकाम थांबवू नका, रंगाचे पातेले मात्र वेगळे ठेवा

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात, पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटते आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातली लोकरीची पिशवी खाली येते. दरवर्षीचा हा क्रम आहे. त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या जोडीने आणखी काही तक्रारी वाढू लागतात. "अंगठ्याच्या मुळाशी कळ येते", "रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते", "संध्याकाळी डोळे चुरचुरतात". दोन-चार प्रश्न विचारले की खरे कारण कळते. बाईंनी विणायला घेतलेले असते.

गेल्या काही वर्षांत या विणकामात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. कुणाची मुलगी इंग्लंडात असते, कुणाची सून अमेरिकेत. सुट्टीला येताना ती आईसाठी लोकरीच्या लडी आणते. धागा शिवणाच्या दोऱ्यापेक्षा थोडासाच जाड. एकाच लडीत मोरपंखी, जांभळा, राखाडी असे रंग एकमेकांत विरघळत गेलेले. ही हाताने रंगवलेली लेसची लोकर. ती पाहिली की जुन्या विणणाऱ्या बाईचे हात शिवशिवतात. काही हौशी मुली तर पुढचे पाऊल टाकतात आणि मोबाइलवर पाहून घरच्या गॅसवरच पांढरी लोकर रंगवू लागतात. काही जणी ती विकतातही.

मी स्वतः विणते, त्यामुळे या छंदाकडे तिऱ्हाईताच्या नजरेने पाहणे मला जमत नाही. परंतु डॉक्टर म्हणून या विषयावर माझी दोन स्पष्ट मते आहेत. पहिले असे, की हात दुखला म्हणून बाईचे विणकाम बंद करणे हा बहुतेक वेळा चुकीचा उपचार आहे. दुसरे असे, की लोकर रंगवण्याचे काम स्वयंपाकघरात होता कामा नये. आजचा लेख या दोन गोष्टींसाठी.

ही लोकर आहे तरी कशी?

आपल्याकडच्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मिळते, ते पुष्कळदा मेंढीच्या अंगावरचे नसतेच. घरोघरी ज्याला कॅशमिलॉन म्हणतात ते ऍक्रिलिक, म्हणजे कारखान्यात तयार झालेला धागा. धुवायला सोपा, स्वस्त आणि टिकाऊ. त्यात वाईट काही नाही. परंतु लेसची लोकर बहुधा मेरिनो जातीच्या मेंढीची, रेशीम मिसळलेली किंवा अंगोरा बकरीच्या केसांची, म्हणजे मोहेरची असते. स्वेटरच्या जाड लोकरीची १०० ग्रॅमची लडी उलगडली तर साधारण २०० मीटर भरते. लेसच्या लोकरीची तेवढ्याच वजनाची लडी ८०० मीटरच्या आसपास जाते. एका टाक्याला दीड ते दोन सेंटिमीटर धागा लागतो असे धरले, तर एका लडीच्या शालीत चाळीस ते पन्नास हजार टाके होतात. हा ढोबळ हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा. मनगटाविषयी पुढे बोलायचे आहे, तेव्हा तो उपयोगी पडेल.

लेसची वीण म्हणजे ठरवून पाडलेली भोके. धागा सुईवर पुढे घेतला की भोक पडते आणि दोन टाके एकत्र विणले की वाढलेला टाका भरून निघतो. विणून झालेली शाल प्रथम चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ती कोमट पाण्यात भिजवून, टाचण्या लावून, ताणून वाळवली की पाने-फुले उमलतात. ज्यांनी हे केले आहे त्यांना त्यातला आनंद सांगायला नको.

अंगठीतून जाणारी शाल

हे काम मुळात हौसेचे नव्हते, हे आपल्याला ठाऊक असावे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटे आहेत. त्यांतल्या अन्स्ट बेटावरच्या बायका इतकी तलम शाल विणत की ती लग्नाच्या अंगठीतून आरपार जाई. रशियातल्या ओरेनबर्गच्या बकरीच्या मऊ केसांच्या शालींचीही हीच ख्याती. एस्टोनियात हाप्सालू नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १८२५ साली डॉक्टर हुन्नियस यांनी औषधी चिखलाने उपचार करणारे केंद्र सुरू केले. श्रीमंत रुग्ण येऊ लागले आणि गावच्या बायका त्यांना हाताने विणलेल्या लेसच्या शाली विकू लागल्या. चिखलाचा गुण किती जणांना आला ते देव जाणे, पण त्या गावाचे नाव आज जगभर शालींमुळे घेतले जाते.

या शाली बहुतेक पांढऱ्या किंवा लोकरीच्या मूळ रंगाच्या असत. हाताने रंगवलेल्या रंगीबेरंगी लडींची आजची लाट गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली आहे. जुन्या काळच्या त्या बायकांचे कौतुक झाले, पैसे मात्र झाले नाहीत. शेटलंडमधले व्यापारी विणलेल्या मालाच्या बदल्यात रोख रक्कम देण्याऐवजी चहा किंवा कापड देत. या पद्धतीची ब्रिटिश सरकारला १८७२ साली चौकशी करावी लागली. बाई दिवसभर विणायची आणि तिच्या हाती नाणे पडायचे नाही. आजही "काकू, तुम्ही बसल्या बसल्या विणताच, मला एक करून द्या ना" असे सहज म्हणणारे आपल्या आसपास आहेत. ज्या कामाला किंमत नाही, ते करणाऱ्या हाताच्या दुखण्यालाही घरात किंमत मिळत नाही. माझा मुद्दा येथून सुरू होतो.

मनाला गुण येतो का?

विणकामाने मन शांत होते असे सगळ्याच विणणाऱ्या बायका सांगतात. याचा अभ्यासही झाला आहे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांना प्रश्न विचारले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या व्यक्ती अधिक वेळा विणत, त्यांनी आपण शांत आणि आनंदी असतो असे अधिक प्रमाणात सांगितले. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ७० ते ८९ वयाच्या १३२१ जणांची पाहणी केली. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. वाचन, खेळ, संगणक आणि विणकाम-शिवणकामासारख्या हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये स्मरणशक्तीच्या सौम्य ऱ्हासाची शक्यता ३० ते ५० टक्के कमी दिसली.

आता यावरून "विणा आणि विसराळूपणा टाळा" अशी पाटी दवाखान्यात लावावी काय? मी लावणार नाही. पहिल्या पाहणीत ज्यांना मुळातच विणकाम आवडते तेच उत्तरे द्यायला पुढे आले होते. दुसऱ्या पाहणीत असेही असू शकते, की ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच विणू शकतात. ज्याची स्मृती ढासळू लागली, तो लेसचा नमुना आधी सोडून देतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीतून ठरत नाही. रक्तदाबाची गोळी थांबवून सुया हातात घ्या, असे कुणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

तरीही माझे मत विणकामाच्या बाजूचे आहे. त्याला मोठ्या संशोधनाची गरज नाही. हात एका लयीत चालतात, नजर एका जागी राहते, मोबाइल बाजूला पडतो आणि दिवसाच्या शेवटी डोळ्यांना दिसेल असे काही तरी तयार झालेले असते. पती गेल्यानंतर, मुले दूर गेल्यानंतर, निवृत्तीनंतर माणसाला सर्वांत जास्त खाते ते हे, की आपल्या हातून आता काही घडत नाही. वीतभर विणलेले कापड हे त्यावरचे साधे उत्तर आहे. एक सूचना मात्र करीन. ज्यांचे मन फार अस्वस्थ आहे त्यांनी सुरुवातीला लेसच्या वाटेला जाऊ नये. एका टाक्याची चूक वीस ओळींनंतर लक्षात आली की डोके भणभणते. त्यांच्यासाठी साधी सुलट वीण बरी. लेस विणायचीच असेल तर दर दहा-बारा ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून ठेवावा. चूक झाली तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागते. एवढ्याशा दोऱ्याने कितीतरी डोकेदुखी वाचते.

‘बंद करा’ हे औषध नव्हे

साठी उलटलेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. मधुमेह आठ-दहा वर्षांचा. उजव्या हाताची पहिली तीन बोटे रात्री बधिर व्हायची, हात झटकल्यावर बरे वाटायचे. मुलीने परदेशातून आणलेल्या निळ्या लडीची शाल अर्धी झाली होती. आधी ज्यांना दाखवले, त्यांनी "आता हे उद्योग बंद करा" एवढेच सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. बाईंनी शाल गुंडाळून ठेवली. बोटांच्या मुंग्या तशाच राहिल्या, शिवाय झोप उडाली आणि जेवणावरची वासना गेली. त्यांच्या मुलाचे म्हणणे, "आई हल्ली नुसती बसून असते."

बोटांची ती तक्रार कार्पल टनेलची होती. मनगटाच्या आतल्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून नस जाते. तेथे सूज आली की नस दबते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होतात आणि त्रास रात्री वाढतो. मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि गरोदरपण यांत हे अधिक दिसते. म्हणजे विणकाम हे एकटेच आरोपी नसते. गरोदर मुलगी बाळासाठी टोपडे विणायला घेते आणि तिचा हात बधिर होतो, तेव्हा दोष लोकरीला दिला जातो. सुजेचा विचार कुणी करीत नाही. या बाईंची साखर तपासली, ती बरीच वाढलेली होती. औषधात बदल केला, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगितला आणि विणकाम वीस मिनिटांच्या हप्त्यांनी सुरू ठेवायला सांगितले. दोन-अडीच महिन्यांत त्रास पुष्कळ कमी झाला. शालही पुरी झाली.

दुसरा नेहमीचा त्रास अंगठ्याच्या मुळाशी होणाऱ्या वेदनेचा. अंगठा उचलणाऱ्या कंडरा ज्या आवरणातून जातात ते जाड होते. याला डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाचे नाव आहे. त्यांनी १८९५ साली त्याचे वर्णन केले. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवताना झणझणीत कळ आली, तर हा त्रास असण्याची शक्यता आहे. विणताना धागा प्रत्येक टाक्याला अंगठ्याने ढकलायची सवय ज्यांना असते, त्यांना तो हमखास होतो. चाळीस-पन्नास हजार टाक्यांचा हिशेब येथे आठवावा. जी हालचाल एकदा केली तर काहीच नाही, ती पन्नास हजार वेळा केली की शरीर हिशेब मागते.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. गुळगुळीत लोखंडी सुईवरून तलम धागा निसटतो, म्हणून हात नकळत ती घट्ट आवळून धरतो. लाकडी किंवा बांबूची सुई घ्यावी, टाका धरून राहतो आणि मूठ सैल पडते. चांगल्या लाकडी सुया आपल्याच देशात तयार होऊन परदेशी जातात. मोठी शाल दोन सरळ सुयांवर विणू नये, कारण सगळे वजन मनगटावर येते. वायरने जोडलेल्या गोल सुईवर ती घेतली की शाल मांडीवर विसावते. कोपराखाली उशी घ्यावी. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून पाणी प्यावे, बोटे पूर्ण उघडून मिटावीत, मनगट हलकेच मागे-पुढे करावे. "ही एवढी ओळ पुरी करते" या मोहाला बळी पडू नये. लेसची ओळ तीनशे टाक्यांची असू शकते.

मात्र काही लक्षणे घरी अंगावर काढू नयेत. हातातून पेला निसटणे, अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट होणे, बधिरपणा दिवसाही टिकून राहणे किंवा सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ बोटे आखडलेली राहणे. यांपैकी काहीही असेल तर तपासून घ्यावे. आणि तपासणारा "बंद करा" म्हणाला, तर "कसे चालू ठेवू?" असे अवश्य विचारावे.

डोळे आणि रंग

लेसच्या विणीने डोळे बिघडत नाहीत, डोळ्यांना थकवा येतो. चाळिशीचा चष्मा लांबणीवर टाकून लोकर नाकापाशी धरणे हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. उजेड मागून, खांद्यावरून यावा. काळी, गडद निळी लोकर दिवसा विणावी, रात्री फिकट रंग घ्यावा. मधून मधून खिडकीबाहेर लांबवर पाहावे.

हाताने रंगवलेल्या लोकरीचा मात्र एक अनपेक्षित उपयोग आहे. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि निळ्या-जांभळ्या छटा मंदावतात. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यापूर्वी त्यांना रंगांची पारख करणे अवघड झाले होते. घरातल्या आजी "ही लडी राखाडी आहे" म्हणत असतील आणि नातीला ती स्वच्छ जांभळी दिसत असेल, तर वाद घालत बसू नये. आजींना डोळे तपासायला घेऊन जावे.

स्वयंपाकघरातला रंगारी

आता दुसरा आणि अधिक गंभीर विषय. लोकर रंगवण्यामागचे शास्त्र सोपे आहे. मेंढीची लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखेच. व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व घातलेल्या आंबट पाण्यात ती गरम केली की विशिष्ट रंग तिला घट्ट चिकटतात. पाणी उकळीच्या जरा खाली अर्धा-पाऊण तास ठेवले की रंग लोकरीत शिरतो आणि पातेल्यातले पाणी जवळजवळ स्वच्छ होते. सुताला किंवा ऍक्रिलिकला हे रंग धरत नाहीत. शंभर ग्रॅम लोकरीला मध्यम छटेसाठी रंगाची अवघी एक ग्रॅम पूड पुरते.

ही एक ग्रॅम पूडच खरी चिंतेची. ती इतकी बारीक असते की डबी उघडताच उडते आणि दिसतही नाही. ओला रंग हाताला लागला तर हात रंगतो, कोरडा रंग श्वासातून आत जातो. रंगाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना, विशेषतः सुतासाठी वापरल्या जाणाऱ्या रिऍक्टिव्ह रंगांच्या पुडीमुळे, दमा जडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहेत. ज्या १८९५ साली डी क्वेर्व्हेन यांनी अंगठ्याच्या दुखण्याचे वर्णन केले, त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतात हे दाखवून दिले. पुढे त्या रसायनांचा छडा लागला आणि १९९० च्या दशकात आपल्याकडेही बेंझिडीनवर आधारलेल्या व अन्य काही अझो रंगांवर सरकारने बंदी घातली.

घाबरवण्याचा हेतू नाही. नामांकित उत्पादकाचा, नाव-गाव असलेला लोकरीचा रंग महिन्यातून दोनदा काळजीपूर्वक वापरणाऱ्या बाईला कारखान्यातल्या कामगाराइतका धोका नसतो. परंतु बाजारातल्या सुट्या पुड्यांवर नाव नसते, रसायन कोणते ते लिहिलेले नसते. आणि जी बाई रोज दहा लडी रंगवून विकते, तिचे घर हाच कारखाना झालेला असतो. कारखान्याला निदान तपासनीस असतो, घराला तोही नाही.

सर्वांत मोठी चूक भांड्याची. ज्या पातेल्यात सकाळी रंग उकळला त्यात संध्याकाळी वरण शिजते, कारण "स्वच्छ घासले होते". ज्या लाकडी कालथ्याने लडी हलवली तोच भाजीत फिरतो. लाकूड आणि प्लॅस्टिक रंग शोषून घेतात, घासून तो जात नाही. मायक्रोवेव्हमध्ये लोकर रंगवण्याची युक्तीही मोबाइलवर फिरते. त्याच यंत्रात बाळाचे दूध गरम व्हायचे असेल तर ही युक्ती सोडून द्यावी.

हौसच असेल तर सुरुवात खाण्याच्या रंगांनी करावी. अन्नात परवानगी असलेले बरेच कृत्रिम रंग लोकरीलाही चांगले धरतात. मिठाईसाठी घेतलेल्या पाकिटावर परवाना क्रमांक असतो. छटा थोड्या मिळतात, पण लहान मुले घरात असताना तेवढेच शहाणपणाचे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी?

"आम्ही नैसर्गिक रंग वापरतो" असे सांगितले की सगळ्यांना हायसे वाटते. मंजिष्ठा, लाख, नीळ, डाळिंबाची साल, पळसाची फुले ही आपल्या देशाची जुनी रंगपेटी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु यांतले बहुतेक रंग नुसते टिकत नाहीत. ते पक्के करायला खार लागतो. तुरटी त्यातल्या त्यात सौम्य. हिराकस लोहाचा क्षार आहे. मूठभर हिराकस लहान मुलाने तोंडात घातला तर जिवावर बेतू शकते. मोरचूद विषारी आहे, हे द्राक्ष-बागाईतदारांना सांगायला नको. जुन्या पुस्तकांत पिवळाधमक रंग पक्का करण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट सांगितलेले असते. त्यातले क्रोमियम त्वचेला चट्टे आणते आणि कर्करोगालाही कारण ठरते. ते घरात आणूच नये. फूल नैसर्गिक असले तरी खार रसायनच असतो. आपली नीळसुद्धा लोकरीवर चढवताना पुष्कळदा कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस वापरतात. म्हणून तुरटी वापरा, मंजिष्ठा वापरा आणि बाकीचे मोह टाळा.

बाळासाठी लेस नको

बारशाला लोकरीचे टोपडे, मोजे, दुपटे देण्याची आपली गोड पद्धत आहे. ती जरूर पाळा, पण बाळाला लेसची वीण नको. त्या भोकांत नवजात बाळाचे बोट अडकते, बाळ हात ओढते आणि धागा आवळला जातो. मोज्याच्या आतल्या मोकळ्या धाग्यानेही असेच होते. पायाच्या बोटाचा रक्तपुरवठा थांबल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. बाळ विनाकारण सतत रडत असेल तर मोजे काढून बोटे अवश्य पाहावीत. बाळासाठी वीण घट्ट, धागा मऊ आणि आतून टोके पक्की खोचलेली असावीत. हाताने रंगवलेली लोकर दोन-तीनदा धुवून, पाण्यात रंग उतरत नाही याची खात्री करून मगच वापरावी. बाळ सगळे तोंडात घालते.

एवढे पाळा

१. रंगाचे पातेले, चमचा, मापे, चिमटा सगळे वेगळे. त्यावर ठळक अक्षरांत ‘रंग’ असे लिहावे आणि ते माळ्यावर ठेवावे.

२. रंगकाम गच्चीत, अंगणात किंवा पडवीत करावे. स्वयंपाक चालू असताना कधीच नाही.

३. कोरडी पूड मोजताना पंखा बंद ठेवावा, खाली ओले वर्तमानपत्र पसरावे. कोरोनाच्या काळात घराघरांत आलेला एन-९५ मास्क येथे उपयोगी आहे. साडीचा पदर पुरत नाही.

४. पूड एकदाच पाण्यात कालवून बाटलीत भरावी. पुढे द्रावण वापरावे, पूड नको. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत मात्र ते कधीही ठेवू नये.

५. रबरी हातमोजे घालावेत. हाताचा रंग ब्लीचने किंवा रॉकेलने काढू नये, तो आपोआप जातो.

६. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी पुडीपासून दूर राहावे. रंगवलेली लडी विणायला हरकत नाही.

७. रंग डोळ्यांत गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा. मुलाने गिळला तर ओकारी काढायला लावू नये. पाकिटासह दवाखाना गाठावा.

८. शाल ताणून वाळवताना लावलेल्या टाचण्या मोजून लावाव्यात, मोजून काढाव्यात. विणलेले सुयांसकट गादीवर किंवा खुर्चीवर टाकू नये.

घरातल्या मंडळींना शेवटी एक सांगणे. आई किंवा आजी विणायला बसली की तिच्या हातातले काम ‘रिकामपणाचा उद्योग’ नसते. तिला चांगल्या उजेडाची एक जागा द्या, चष्म्याचा नंबर तपासून आणा, लाकडी सुयांचा एक जोड भेट द्या. तिने केलेली शाल कुणी मागितली तर लोकरीची आणि वेळेची किंमत द्यायला त्याला सांगा. आणि ती हात चोळताना दिसली तर "कशाला करतेस?" असे म्हणू नका. "दाखव बघू कुठे दुखते" असे म्हणा. अर्धा उपचार तेथेच होतो, उरलेला आम्ही करू.